हिरकणी, माकडीण आणि वळिवड्याच्या आया

आईपणाबद्दल मराठी मुलाच्या कानावर लहानपणीच दोन गोष्टी पडतात आणि त्या एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत. पहिली हिरकणीची. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळलेला, गडाचे दरवाजे बंद झालेले आणि खाली वाडीत तान्हं पोर भुकेलं. ती पहारेकऱ्यांच्या विनवण्या करते, ते ऐकत नाहीत, मग ती अंधारात कडा उतरून जाते. दुसरी गोष्ट बिरबलाच्या नावावर खपते. कोरड्या हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. हौदात पाणी सोडतात. पाणी वाढेल तशी माकडीण पिल्लाला कडेवर घेते, मग खांद्यावर, मग डोक्यावर, आणि नाकातोंडात पाणी जायला लागलं की त्यालाच पायाखाली घेऊन उभी राहते. सांगणारे आजोबा इथे थांबून आपल्याकडे बघतात. जीव ज्याचा त्याला प्यारा.

दोन्ही गोष्टींत आई कोंडलेली आहे आणि दोन्हींत कोंडणारा दुसराच कुणीतरी आहे. हिरकणीच्या गोष्टीत निदान त्याची दखल तरी घेतलेली असते. राजा खजील होतो, बुरूज बांधतो, त्याला तिचं नाव देतो. माकडिणीच्या गोष्टीत मात्र पाणी कोण सोडत होतं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. सगळ्यांचे डोळे माकडिणीकडे.

हा प्रश्न विचारायला कोल्हापूरकराला फार लांब जावं लागत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा दक्षिण महाराष्ट्र ज्या गांधीनगरात जातो, ते कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगतचं गांधीनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, तिथे वळिवड्याची पोलिश छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं. त्यांत बायका आणि मुलं बहुसंख्य, थोडे म्हातारे. कर्ते पुरुष जवळजवळ नव्हतेच. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांची थडगी आहेत, २०१९ च्या सप्टेंबरात छावणीतली तेव्हाची मुलं ऐंशी-नव्वदीच्या वयात पुन्हा येऊन गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं. त्या लिखाणात कोल्हापूरच्या पाहुणचाराचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पण त्या बायका पंचगंगेच्या काठी पोचण्याआधी कशातून आल्या होत्या, हे दोन ओळींत उरकलं जातं. मला त्या दोन ओळींबद्दल लिहायचं आहे.

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. पश्चिमेकडून जर्मन आधीच आले होते. पुढच्या पावणेदोन वर्षांत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, म्हणजे एनकेव्हीडीने, पूर्व पोलंडमधून कुटुंबंच्या कुटुंबं उचलून उत्तर रशिया, सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४० ला, दुसरी १३ एप्रिलला, तिसरी जूनअखेरीस, चौथी १९४१ च्या मे-जूनमध्ये. सोव्हिएत दप्तरातले आकडे सव्वातीन लाखांच्या आसपास आहेत. निर्वासित पोलिश सरकार त्याच्या कितीतरी पट सांगत असे.

फेब्रुवारीत उचलले ते मुख्यतः सरकारी जमिनीवर वसवलेले माजी सैनिक आणि जंगलखात्यातली माणसं, बायकापोरांसकट. एप्रिलमधली यादी वेगळी होती. ज्या घरातला पुरुष आधीच कैदेत होता, त्या घरची बायको, मुलं, आईबाप. पोलिश सैन्यातले अधिकारी, पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोवच्या छावण्यांत होते. कुटुंबात कोण कोण आहे आणि कुठे राहतं, याच्या याद्या तिथे तयार झाल्या. त्याच वसंतात त्या पुरुषांना कातीनच्या जंगलात आणि इतरत्र नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. एकूण सुमारे बावीस हजार. बाप खड्ड्यात पडत असताना त्याचं पोर कझाकस्तानच्या गाडीत बसलेलं होतं, आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नव्हतं.

रात्री दारावर थाप, सामान बांधायला अर्धा-एक तास, मग मालगाडीचा डबा. मध्ये लोखंडी शेगडी, फरशीत शौचाचं भोक, दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे. प्रवास दोन-चार आठवड्यांचा. फेब्रुवारीच्या थंडीत तान्ही मुलं आणि म्हातारे गाडीतच गेले. आई नीट जेवत नसेल तर दूध काही दिवस टिकतं, निसर्गाने तेवढी सोय केली आहे. पण पाणी नाही, झोप नाही आणि अंगावर गोठवणारा वारा, अशा अवस्थेत ते आटतं. हिरकणीला निदान उतरायला कडा तरी होता.

मुक्कामाला पोचल्यावर खरी व्यवस्था समजायची. जंगलतोडीच्या वस्त्यांमध्ये भाकरी, म्हणजे काळा ओलसर पाव, कामाच्या मापावर मिळे. नेमून दिलेलं काम पुरं केलं तर पुरा वाटा, नाही तर कमी. काम न करणाऱ्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून कमी. कझाकस्तानच्या सामूहिक शेतांवर पगार धान्यात, तोही हंगामानंतर, आणि बऱ्याचदा कापणी संपल्यावर हिशोब जुळून हातात काहीच येत नसे. शेतात पडलेली कणसं वेचणं ही सरकारी मालाची चोरी. सरपण नव्हतं म्हणून बायकामुलं गवताळ रानातून शेण गोळा करून वाळवायची. कोल्हापुरात आल्यावर घरांच्या भिंतींवर थापलेल्या शेणी बघून त्यांना नवल वाटलं नसणार.

ही मापाची भाकरी नीट समजून घ्यायला हवी, कारण आईपणाच्या कसोटीची सगळी मांडणी तिच्यात आहे. आई रानात झाडं तोडायला गेली तर भाकरी मिळणार, पण मूल दिवसभर बराकीत एकटं. आई मुलाजवळ थांबली तर दोघं उपाशी. संध्याकाळी मिळालेला तुकडा सगळा मुलाला दिला तर दोन-तीन महिन्यांत आई अंथरूण धरणार, तिचं माप चुकणार, आणि मग मुलालाही काही मिळणार नाही. तिने स्वतः खाल्लं तरच मूल जगण्याची शक्यता. आपल्या तोंडचा घास काढून मुलाला देणारी आई, हे आपलं मातृत्वाचं सगळ्यात लाडकं चित्र. त्या वस्त्यांमध्ये ते अक्षरशः पाळणाऱ्या बायका आधी गेल्या आणि मागे पोरकी मुलं राहिली. मुलादेखत भाकरी चावून खाणाऱ्या आईला बाहेरून बघणारा काय म्हणेल? माकडीणच म्हणेल.

ज्या वेळी या बायका वळिवड्यात होत्या, त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला भुकेचा एक मोजूनमापून अभ्यास चालू होता. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये छत्तीस तरुण निवडले. युद्धाला तात्त्विक नकार देणारे, धडधाकट, स्वतःहून पुढे आलेले. सहा महिने त्यांना निम्म्या पोटावर ठेवलं, वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. शरीराचं जे व्हायचं ते झालं. नाडी मंदावली, अंग गार पडलं, पाय सुजले. पण कीजच्या नोंदींत जास्त लक्षात राहतं ते मनाचं. ही हुशार, सुस्वभावी मुलं ताटं चाटायला लागली, हातांचं कुंपण करून जेवायला लागली, तासन् तास पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. चिडचिड वाढली, हसणं थांबलं, मित्र नकोसे झाले, मुलींबद्दलचं आकर्षण विझलं. कुणाची काळजी करायला लागणारी शक्तीच शरीराने बंद करून टाकली होती. या तरुणांना प्रयोग कधी संपणार ती तारीख माहीत होती, डोक्यावर छप्पर होतं, आणि सांभाळायला कडेवर पोर नव्हतं.

हे निष्कर्ष आईमुलाच्या नात्याला लावून बघितले की बरंच काही उलगडतं. उपासमारीत माया आटते असं दिसतं, ती बहुतेक वेळा ऊर्जेची काटकसर असते. आणि हे एकतर्फी नसतं. भुकेलं मूल आधी रडतं, नंतर रडायचं थांबतं. फार कुपोषित मूल हसत नाही, हात पुढे करत नाही, नजर लावत नाही. ते हाक देत नाही म्हणून थकलेली आईही कमी ओ देते. नात्याचं हे दोन्हीकडून होणारं विझणं बालरोगतज्ज्ञांना आता चांगलं माहीत आहे. तीव्र कुपोषणावरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीत आहार आणि औषधांच्या बरोबरीने मुलाला खेळवणं, त्याच्याशी बोलणं ही एक वेगळी पायरी म्हणून लिहिलेली आहे. आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत मुलाबरोबर आईलाही ठेवून घेतात, तिला जेवण देतात आणि तिची बुडालेली मजुरी भरून देतात. मापाच्या भाकरीची व्यवस्था नेमकी उलटी होती.

आपल्याकडे या अनुभवाची साक्ष पंडिता रमाबाईंनी दिली आहे. अठराशे सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं भटकं कुटुंब दक्षिणेत अडकलं. तिथे तुरुंग नव्हता, पहारेकरी नव्हते. ब्राह्मणाने मजुरी करायची नाही आणि भीक मागायची नाही, हीच कोठडी. अन्न संपल्यावर म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलाने, श्रीनिवासने, त्यांना अडवलं: जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी काम करीन, तुम्हाला उचलून खाली गावात नेईन. वडील तरीही वाचले नाहीत. १८७४ ची ही गोष्ट. त्यांच्यामागे थोड्याच काळात आई गेली. ग्लानीतली आई खायला मागत होती, म्हणून कोवळ्या वयाची रमा एका घराच्या दाराशी गेली. मागायला तोंड उघडेना, रडू फुटलं. त्या घरच्या बाईने भाकरीचा तुकडा दिला, तो घेऊन रमा परतली, पण आईला तो खाण्याची ताकद उरली नव्हती. मग बहीण-भाऊ हिंडत हिंडत पुढे चालले. इथे मुलंच आईबापांचे आईबाप झाली. पुढे दुष्काळातल्या पोरक्या मुलींना रमाबाईंनी केडगावला आणलं, त्यामागे हा तुकडा होता असं मला वाटतं.

सायबेरियातही भूमिका अशाच उलटल्या. आई कामाला गेली की आठ-दहा वर्षांचं मूल घर चालवायचं. रांगेत उभं राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, आणलेले कपडे घेऊन स्थानिक बायकांकडे जायचं आणि पिठाच्या किंवा दुधाच्या बदल्यात देऊन यायचं. पोलिश आयांनी घाईघाईत बांधलेल्या गाठोड्यांत जे निघालं, भरतकामाची पोलकी, चादरी, लग्नाची अंगठी, ते असं एकेक करून पोटात गेलं. आई आजारी पडली तर थोरली बहीणच आई. मानसशास्त्राने या नात्याची दखल जरा उशिरा घेतली. १९४५ मध्ये नाझींच्या तेरेझिन छावणीतून सुटलेली तीन-तीन वर्षांची सहा मुलं इंग्लंडला आणली गेली. आईबापांची आठवणही नसलेली ही मुलं मोठ्या माणसांवर वस्तू फेकायची, त्यांना चावायची, पण आपापसांत घास वाटून घ्यायची, आणि एक बाजूला झालं तर बाकीची अस्वस्थ व्हायची. अ‍ॅना फ्रॉईड आणि सोफी डान यांनी त्यांचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. माया करण्याची क्षमता त्या मुलांत गोठली नव्हती. तिला जो मिळाला त्याला ती चिकटली होती.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि स्टालिनला पोलंडशी जुळवून घ्यावं लागलं. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर ऑगस्टमध्ये या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा न करता माफी, पण तेवढ्यावर लाखो माणसं वस्त्यांमधून बाहेर पडली. जनरल अँडर्स दक्षिणेत पोलिश सैन्य उभारत होते. कुटुंबं गाड्यांच्या टपांवरून, तराफ्यांवरून, पायी त्या सैन्याच्या दिशेने निघाली आणि उझबेकिस्तानात येऊन उवांमुळे पसरणाऱ्या टायफसच्या तोंडी पडली. सुटका झाली होती, पण भूक सुटली नव्हती.

कसोटीचा सगळ्यात अवघड भाग इथे येतो, आणि तो कैदेत नाही, सुटकेत येतो. सैन्याच्या आसऱ्याने पोलिश अनाथालयं उघडली गेली. सैनिक आपल्या शिध्यातून त्यांना देत. अनाथालयात सूप होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनाथ मुलांना सोव्हिएत हद्दीबाहेर काढायला प्राधान्य होतं. ज्या आईचा नवरा किंवा मुलगा सैन्यात नव्हता, तिचं नाव यादीत येण्याची खात्री नव्हती. मग आया आपली जिवंत मुलं घेऊन अनाथालयाच्या दारात आल्या. काहींनी सांगितलं, ही माझ्या मेलेल्या बहिणीची. काहींनी मुलांनाच शिकवून ठेवलं, विचारलं तर आई नाही म्हणून सांगायचं. अशा आठवणी इतक्या वेगवेगळ्या मुलांनी म्हातारपणी सांगितल्या आहेत की त्याला अपवाद म्हणता येत नाही.

हिरकणी कडा उतरली ते पोराजवळ जायला. या बायकांना त्याच मायेने पोरापासून लांब जायचं होतं. आणि जे मूल सात वर्षांचं आहे त्याला हे कसं कळणार? त्याच्या लेखी आईने त्याला सोडलं, वर आई नाही असं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. कित्येकांना मोठेपणी, स्वतःला मुलं झाल्यावर, त्या दुपारचा अर्थ लागला. काहींना समजूनही राग गेला नाही, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून जहाजं कास्पियन ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला लागली. सुमारे एक लाख पंधरा हजार माणसं बाहेर पडली, त्यांत सैनिक सोडून सदतीस ते चाळीस हजार. काही मुलं अश्गाबादहून मशहदमार्गे ट्रकने आली. पहलवीच्या वाळूत लोकांना चरबीदार मटणाचं सूप आणि डबाबंद मांस मिळालं, आणि कित्येकजण ते खाऊन मेले. आकसलेल्या आतड्यांना आणि क्षार संपलेल्या रक्ताला भरपेट जेवण सोसत नाही, हे वैद्यकाने युद्धानंतर नीट लिहून काढलं. दोन वर्षं मुलाला जगवलेल्या आईने पहिल्यांदा त्याला पोटभर वाढलं आणि ते त्या जेवणाने गेलं, असंही झालं.

मागे राहिलेल्या आयांचा हिशोब मागून येते असा होता. २५ एप्रिल १९४३ ला स्टालिनने पोलिश सरकारशी संबंध तोडले. निमित्त कातीनचं: १३ एप्रिलला जर्मनांनी तिथले खड्डे सापडल्याचं जाहीर केलं होतं आणि पोलिश सरकारने रेडक्रॉसकडे चौकशी मागितली होती. दरवाजा बंद झाला. मुलं बाहेर, आया आत.

मुलांपैकी काही भारतात आली. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला समुद्राकाठी मुलांची छावणी उभारली, १९४२ मध्ये. तिकडे जाण्याआधी मुलं मुंबईत वांद्र्याला उतरली होती. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बनासिन्स्का या कामात आघाडीवर होत्या. वळिवडे त्यानंतरचं. इराणातून कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांत आणि तिथून कोल्हापूरला. बऱ्याच लेखांत या दोन छावण्या एकाच दमात सांगतात, जामसाहेबांचं श्रेय वळिवड्याला आणि कोल्हापूरच्या संस्थानाचं बालाचडीला जोडून टाकतात. आपल्या विषयासाठी त्यांतला फरक फार मोलाचा आहे. बालाचडी हे मुलांचं वसतिगृह होतं. वळिवडे हे गाव होतं.

वळिवड्यातही पोरक्या मुलांचं अनाथालय होतं. पण बाकीच्या लांबच लांब बराकी कुटुंबांसाठी विभागलेल्या होत्या. कौलारू छप्पर, खोल्या, स्वयंपाकाची जागा, पुढे व्हरांडा. कुटुंबाला पैसे मिळत आणि ते छावणीच्या बाजारातून भाजी, अंडी, दूध विकत घेत. चर्च, दवाखाना, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, नाटकं, स्काउटची पथकं हे सगळं होतं, आणि छावणीचे प्रमुख कॅप्टन जागिएलोविच यांचा कारभार शिस्तीचा होता. पण माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट चूल. तीन वर्षांनी आई आपल्या हाताने, आपल्या पैशाने, आपल्या पातेल्यात शिजवून मुलाला वाढत होती, आणि स्वतःही खात होती, आणि त्या दोन गोष्टींत आता वैर नव्हतं.

त्याच काळात लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम युद्धकाळच्या बालगृहांत मुलांच्या नोंदी ठेवत होत्या. आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित खेड्यात आईविना पाठवलेली मुलं जास्त कोलमडतात, असं त्यांना दिसलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हेच धरून १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले, आईवरच सगळं ओझं टाकल्याची टीकाही झाली, ती योग्यच. तरी त्यांतला एक धागा टिकला: आईपासून तुटलेलं मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं, मग त्याला अलिप्तपणा येतो, आणि आई परत भेटली तरी अलिप्तपणा लगेच जात नाही.

वळिवड्यात तो गेला का? एका बाजूने हो. मुलं शिकली, झाडांवर चढली, मराठी शब्द उचलले. दुसऱ्या बाजूने पाव लपवणं राहिलं. उशीखाली, गादीखाली, खिशात. ही सवय इस्फहानच्या, बालाचडीच्या, आफ्रिकेतल्या पोलिश छावण्यांच्या सगळ्याच आठवणींत येते. ताटात मुबलक असूनही मूल उद्यासाठी तुकडा बाजूला काढतं. म्हणजे उद्या मिळेल या आईच्या शब्दावर त्याचा अजून विश्वास बसलेला नसतो. आणि जे मूल दोन वर्षं घर चालवत होतं, त्याला पुन्हा लहान व्हायला सांगणं सोपं नव्हतं. रांगेत धक्काबुक्की करून भाकरी आणणाऱ्या मुलाला आता वेळेवर गृहपाठ आणि चर्चमध्ये स्वच्छ सदरा. आईच्या शिस्तीला त्याने नाक मुरडलं तर त्यात नवल नाही.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये भरत होती, त्याच वर्षी बंगालात दुष्काळ होता. वीस-तीस लाख माणसं मेली. आईबापांनी मुलं विकली, कलकत्त्याच्या रस्त्यांवर सोडून दिली, आणि त्यावर नीतीची प्रवचनंही झाली. ब्रिटिश हिंदुस्थानचं सरकार एकीकडे पाच हजार पोलिश माणसांसाठी कौलारू बराकी उभ्या करू शकत होतं. वळिवड्याच्या आयांना त्यात दोष नाही आणि कोल्हापूरच्या पाहुणचाराला कमीपणा नाही. फक्त हौदातलं पाणी कुणीतरी सोडत असतं आणि थांबवूही शकतं, एवढं यावरून कळतं.

राहिले बाप. वळिवड्यातल्या कित्येक घरांतले पुरुष अँडर्सच्या सैन्याबरोबर इराक, पॅलेस्टाइन करत इटलीत पोचले होते. मे १९४४ मध्ये पोलिश फौजांनी मोन्ते कासिनोचा डोंगर घेतला, तेव्हा त्याच इटलीत मराठा पलटणीही लढत होत्या. तिथल्याच जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी यशवंत घाडगे यांना आणि एप्रिल १९४५ मधल्या लढाईसाठी नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्यातल्या आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या खेड्यांतल्या बायका एकाच मुलखातल्या पत्रांची वाट बघत होत्या.

युद्ध संपलं आणि याल्टाच्या वाटाघाटींत त्यांचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. परत जायला घरच उरलं नाही. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये मोडली आणि उरलेली मुलं वळिवड्याला आली. १९४७-४८ मध्ये बहुतेक कुटुंबं ब्रिटनला गेली, जिथे बापांची पलटण विसर्जित होत होती. काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाकडे, थोडी पोलंडला. चार वर्षांचा सोडलेला मुलगा बारा वर्षांचा होऊन बापासमोर उभा राहिला. मधल्या काळात त्याने आईला झाडं तोडताना, सौदा करताना, मृतदेह पुरताना, शाळेत शिकवताना पाहिलं होतं. घरात निर्णय तीच घेत आली होती. आता इंग्लंडच्या पत्र्याच्या लष्करी झोपडीत एक अनोळखी माणूस घरचा कर्ता म्हणून बसला होता, आणि त्याच्याकडे त्या आठ वर्षांची एकही आठवण सामाईक नव्हती. कैदेने आईमुलांना जेवढं एकत्र बांधलं, तेवढंच त्या गाठीच्या बाहेर बापाला ठेवलं. या कुटुंबांत बापाशी जुळवून घ्यायला लागलेला वेळ हा कधीकधी भुकेच्या वर्षांपेक्षाही जास्त होता.

एप्रिल १९४० च्या यादीतल्या मुलांना तेही मिळालं नाही. त्यांचे बाप मोन्ते कासिनोला नव्हते. कातीनमध्ये सापडलेल्या नावांच्या याद्या १९४३ मध्येच छापल्या गेल्या होत्या, पण त्या जर्मनांनी छापलेल्या, त्यामुळे विश्वास ठेवावा की नाही हे प्रत्येक बाईला एकटीने ठरवावं लागलं, आणि मुलाला काय सांगायचं हेही. कुणी विधवेचे कपडे घातले, कुणी नवऱ्याच्या वाढदिवसाला ताट मांडत राहिली. सोव्हिएत सरकार जर्मनांकडे बोट दाखवत राहिलं. कबुली आली ती १३ एप्रिल १९९० ला. कझाकस्तानच्या गाड्या सुटल्या त्याला त्याच तारखेला पन्नास वर्षं झाली होती. ५ मार्च १९४० चा, स्टालिनची सही असलेला गोळ्या घालण्याचा कागद पोलंडच्या हातात पडायला आणखी अडीच वर्षं गेली. सायबेरियातून वळिवड्याला आलेली सगळ्यात धाकटी मुलंही तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती, म्हणजे गोळी लागली तेव्हा त्यांचे बाप होते त्याहून थोरली.